हळद आत, काजळी वर

ठकूमावशींच्या शोकसभेत आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "ठकूबाई म्हणजे क्षमेचा झरा. पक्ष्यांवर माया, माणसांवर माया. आयुष्यात त्यांनी कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही."

मी मागच्या खुर्चीत होते. ताडकन उठणार होते, पण शेजारी बसलेल्या आक्कांनी, म्हणजे अध्यक्षांच्या सख्ख्या आईने, माझ्या मांडीवर हात दाबला.

"इथं नको," त्या पुटपुटल्या. "घरी जाऊन लिही."

म्हणून लिहिते. ठकूमावशी क्षमेचा झरा नव्हत्या. त्यांनी कोणालाही माफ केलं नव्हतं. अध्यक्षांना तर नाहीच नाही. मेलेल्या बाईचा राग तिच्या हातून असा काढून घ्यायचा आणि वर हार घालायचा, हे मी चालू देणार नाही. मावशींनी तो राग वर्षानुवर्षं नीट सांभाळला होता.

आमची सोसायटी नाशकात, पेठ रोडला. खाली घरं, वर एकेक खोली. सात नंबरच्या खाली मावशी राहायच्या आणि आठच्या वर मी भाड्याने आले. घरकामगार बायकांच्या संघटनेचं काम करते. मुख्य काम पत्रकं लिहिण्याचं. ठळक मथळा, चार संतप्त वाक्यं, खाली मागण्या. माझ्या खिडकीतून मावशींच्या घरामागची पट्टी दिसायची: शहाबादी फरशीचे तुकडे, द्राक्षांच्या क्रेटचं खुराडं आणि अकरा कोंबड्या.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गोंधळ ऐकू आला. एका तांबूस कोंबडीला बाकीच्यांनी कोपऱ्यात घेतलं होतं आणि एक थोराड काळी तिच्या तुऱ्यावर चोच मारत होती. रक्त डोळ्यापर्यंत ओघळलेलं. मी धावत खाली गेले, तांबूस कोंबडीला उचलायला वाकले, तर फाटकन हातावर चापट बसली.

"मार खाल्लेलीला कशाला उचलती? मारणारीला उचल."

हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मग एक काटकुळी, ठेंगणी बाई माझ्या पुढ्यातून गेली, काळीला दोन्ही पंखांखाली धरून उचललं, धुण्याच्या दगडामागे नेऊन बांबूच्या डालग्याखाली कोंडलं आणि डालग्यावर पोतं टाकलं.

"चार दिवस," त्या काळीला म्हणाल्या. मला नाही.

नंतर क्रेटवर बसून त्यांनी जखमी कोंबडी मांडीवर घेतली. ओल्या फडक्याने तुरा पुसला, थोडा वेळ दाबून धरला. "रगत लय दिसतं. तुऱ्याचं असंच. जखम एवढीशीच हाय." चिमूटभर हळद दाबली. मग शेजारी पालथ्या ठेवलेल्या तव्याच्या बुडावरून बोट फिरवलं, खोबरेल तेलात कालवलं आणि ती काजळी हळदीवरून सगळ्या तुऱ्याला फासली. कोंबडी विधवा झाल्यासारखी दिसायला लागली.

"हे कशाला?"

"हळद आत, काजळी वर. कोंबडीला तांबडं दिसलं की ती चोच मारतीच. जी कालपर्यंत हिच्या शेजारी झोपली, ती पण मारती. म्हणून तांबडं झाकायचं."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "आमच्या कामात जखम झाकत नाहीत मावशी. दाखवतात."

"कोणाला?"

"लोकांना."

"मग लोक काय येगळं करतात?"



पाचव्या दिवशी त्यांनी डालगं उचललं. काळी झोकात बाहेर आली, दाण्याकडे निघाली, आणि त्याच तांबूस कोंबडीने तिला पहिली टोच मारली. मग दुसरीने. चार दिवसांत तिची जागा भरून गेली होती. कोणी आधी टिपायचं, कोणी नंतर, कोणी वरच्या दांडीवर बसायचं, हे सगळं तिच्याशिवाय ठरलं होतं. ती भिंतीकडेला उभी राहून उरलेल्या कण्यांची वाट बघत राहिली. मार खाल्लेलीला बाजूला काढलं असतं, तर परत आल्यावर तिचीच ही गत झाली असती. शिबिरांमध्ये मी चर्चा बऱ्याच ऐकल्या, पण गुंडाचं काय करायचं हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या डालग्यापाशी.

मावशी कोंबड्यांना नावं देत नसत. "नाव ठेवलं की सुरी धरवत नाय." फक्त खुणा होत्या, आणि त्या सगळ्या तुऱ्याच्या: आडवी, दोनटोकी, फिकी. काळीच्या तुऱ्याला कधीकाळच्या भांडणात खांड पडली होती म्हणून ती खांडी. खांडी हळूहळू पुन्हा वर चढलीच. तिला आपल्या तोडीची दुसरी कोणी खपत नसे. मावशींनी एकदा स्टीलची नवी बादली आणली. चकचकीत बादलीत खांडीला एक कोंबडी दिसली, जी नजर खाली घालत नव्हती. खांडीने तिला एवढं मारलं, की स्वतःचाच तुरा फोडून घेतला. मावशींनी शांतपणे तुऱ्याला काजळी लावली आणि उरलेली बादलीला. चकाकी गेली, भांडण मिटलं. ती बादली मी ध्यानात ठेवली नाही. त्यांनी ठेवली.

त्यांची तीन बोटं कायम काळी असायची. चहाच्या कपावर, दाराच्या कडीवर, माझ्या पत्रकांवर ठसे. कितीही साबण लावा, नखांच्या कडेने काजळी राहायचीच.

आणि त्या विसरत नसत. गाव त्यांचं पेठकडे, डोंगरात. नाशकात येऊन त्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कात्री चालवायच्या, घडातले खराब मणी काढायच्या. तिथल्या सुपरवायझर बाईंनी एकदा सगळ्यांसमोर त्यांना 'जंगली' म्हटलं. मावशी मणी कापत राहिल्या. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी टोपलीभर उकडलेली अंडी नेली, टेबलावरच्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक ठेवलं, सुपरवायझर बाईंसमोर आल्या, रिकामा तळवा उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं राहिलं."

पुढच्या हंगामाला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. असे अकरा हंगाम. शेवटी बाई काम सोडून जायला निघाल्या, तेव्हा रडत म्हणाल्या, "ठकू, त्या दिवशी माझं चुकलं गं."

"मग अंडं दिलंत का?" मी विचारलं.

"छ्या! चुकलं म्हणाली, ते बरोबरच म्हणाली. त्याला अंडं कशाला?"

अशी ही बाई. हिला क्षमेचा झरा म्हणतात.

आता अध्यक्ष. त्यांनी मोठी काळी गाडी घेतली. आधीची पुढे उभी होतीच, म्हणून नवी कुठे लावायची हा प्रश्न. उत्तर मावशींच्या मागच्या पट्टीत होतं. पट्टी कागदावर सोसायटीची. वीस वर्षं तिथे कोंबड्या होत्या आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण गाडी आली आणि अध्यक्षांना एकाएकी वास यायला लागला. मग रोगाची भीती वाटायला लागली. मग लहान मुलांची काळजी. जाता-येता ते म्हणायचे, "ठकूबाई, गावाकडचं गावाकडे बरं असतं." वॉचमनला सांगून ते कोंबड्या हुसकवायचे. एकदा वॉचमनने खडा मारलेला मी वरून पाहिला.

मावशी म्हणायच्या, "व्हय साहेब," आणि कण्या टाकत राहायच्या.

त्याच आठवड्यात त्यांनी पेठच्या बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. दोन जुन्या कोंबड्या पाहुण्यांच्या ताटात गेल्या होत्या, त्यांच्या जागी. मी तेव्हा चार दिवस लासलगावला शिबिराला होते, मला काही ठाऊक नाही. परत आले, खिडकीतून पाहिलं: दोन कोंबड्यांचे तुरे रक्ताने माखलेले, फरशीवर थेंब, आणि जवळ एक दगड. मावशी तवा आणायला आत गेल्या असाव्यात. मी थांबले नाही. विचारलं नाही. फोटो काढला आणि तासाभरात पत्रक तयार: 'गरीब वृद्धेच्या मुक्या जिवांवर दगडफेक! अध्यक्ष, उत्तर द्या!' संध्याकाळपर्यंत प्रत्येक दाराच्या कडीत एकेक खोचून आले. फार छान वाटत होतं. खरं सांगते, इतकं छान मला क्वचितच वाटलं असेल.

अध्यक्षांनी उत्तर दिलं. रविवारी सभा बोलावली आणि जनावरांच्या डॉक्टरांनाच घेऊन आले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळ्यांसमोर एकेक तुरा बोटांनी उलगडून पाहिला.

"दगड नाही हा," तो म्हणाला. "चोचीच्या जखमा आहेत. नवीन पक्षी आणले का?"

"आणले," मावशी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत.

"मग होणारच. आठ दिवसांत बरं होईल. उपचार चांगला केलाय कोणीतरी."

उपचाराचं वाक्य कोणी ऐकलं नाही. अध्यक्षांनी माझं पत्रक दोन बोटांत धरून वर केलं. "म्हणजे हे खोटं! माझी बदनामी! आणि डॉक्टरसाहेबच सांगतायत, ही रक्तबंबाळ भांडणं इथे होणारच. आपल्या मुलांनी हे बघायचं?" माझ्यावरचा लोकांचा राग कोंबड्यांवर गेला. हात वर झाले. ठराव झाला: घर क्रमांक सात येथील कोंबड्या आठ दिवसांत हलवाव्यात आणि ती जागा वाहनांसाठी वापरावी.

कोंबड्या गेल्या त्या माझ्यामुळे. हे इथे ठळक अक्षरात वाचावं.

संध्याकाळी मी मावशींकडे गेले. त्यांनी अर्धं दार उघडलं.

"आज चहा नाय."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी मागच्या दाराने गेले, तर त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि कोंबड्यांशी बोलत राहिल्या. शेजारच्या बायका मागच्या पायरीवर बसून त्यांच्याशी गप्पा मारत होत्या. माझ्या नेहमीच्या जागेवर कोणीतरी दुसरीच बसली होती. चौथ्या दिवशी खिडकीतून ते डालगं दिसलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी स्वतःला सोडवायला धावलेली समजत होते. मावशींच्या हिशेबी मारणारी मी होते.

पाचव्या दिवशी खालून हाक आली. "ये गं पत्रकवाले. तवा धर."

मी खाली गेले. तवा धरला. त्या तलंगेच्या तुऱ्याला काजळी लावत होत्या.

"मावशी, माझं चुकलं."

"ते माझ्या कोंबडीचं रगत होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावावर कशाला घातलं? त्याचं सोताचं काय कमी हाय?"

"तुम्ही फार रागावलात."

"रागावले असते तर आठ दिवस ठेवलं असतं."

मग खाली मान घालून म्हणाल्या, "तो कागद वाच." मी ठराव वाचला. त्यांनी तीनदा वाचून घेतला.

"हलवाव्यात म्हंजे?"

"इथून दुसरीकडे न्यायच्या."

"कुठं ते लिहिलंय?"

"नाही."

"बरं."

आठव्या दिवशी सकाळी त्या टोपली घेऊन निघाल्या. खालच्या दहा घरांत दहा कोंबड्या दिल्या. बायकांनी हसत घेतल्या. वर्षानुवर्षं अंडी खाल्ली होती प्रत्येकीने. अकरावी खांडी. ती काखेत मारून त्या थेट अध्यक्षांच्या दारात गेल्या आणि आक्कांना म्हणाल्या, "तुम्ही गॅलरीतून रोज बघता. ही तुम्हाला."

आक्कांनी कोंबडी पोटाशी धरली. "अगं बाई, ही तर सगळ्यांची सासू!"

अध्यक्ष दात घासत बाहेर आले आणि फेस गिळून उभे राहिले. आईच्या हातातून कोंबडी काढून घेणं त्यांच्याने झालं नाही.

पट्टी मोकळी झाली. पांढरे पट्टे मारले. काळी गाडी येऊन उभी राहिली, धुतलेली, पुसलेली, आरशासारखी.

आता ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना माहीत असतं आणि अध्यक्षांना माहीत नव्हतं: कोंबडी जिथे वाढली तिथेच जाते. दहा घरांच्या बुटक्या भिंती ओलांडून रोज सकाळी एकेक कोंबडी जुन्या जागी हजर. कोणी टपावर, कोणी चाकाखाली सावलीत. आणि खांडी? खांडीला गाडीच्या दारात एक काळी, थोराड कोंबडी दिसली. ती नजर खाली घालत नव्हती.

टक्. टक्. टक्.

पहिल्या दिवशी अध्यक्षांना वाटलं कोणी खिळा ठोकतंय. आठवड्यात दाराच्या खालच्या भागावर देवीच्या वणासारखे ठिपके उठले. वॉचमन हाकलायचा, ती वळसा घालून दुसऱ्या दाराशी. कव्हर आणलं, तर आक्कांनी ते गच्चीवर कुरडया वाळत घालायला नेलं. खांडीला कोंडलं, तर तिने आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं आणि आक्कांनीच दार उघडलं. "माझं डोकं उठतं रे. कोंबडी आहे, फिरणारच."

मावशी रोज मागच्या पायरीवर क्रेट टाकून बसायच्या. खांडीचा तुरा फुटला, की तिला मांडीवर घेऊन हळद, काजळी. अध्यक्ष संतापून यायचे. "आवरा तुमची कोंबडी!"

"माझी कुठं साहेब? माझ्या हलवल्या. ही आक्कांची."

त्या हे अगदी मऊ आवाजात म्हणायच्या. मी वर खिडकीत बसून ऐकायचे आणि मला त्या मऊ आवाजाची भीती वाटायची.

महिनाभर अध्यक्षांनी सोसलं. मग एका रविवारी सकाळी, सगळी सोसायटी दारात-खिडकीत असताना, अध्यक्ष इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागे आले. आवाज उतरला होता.

"ठकूबाई, काहीतरी उपाय सांगा. तुम्हाला औषध माहिती असतं."

"हाय की. पण तुम्हाला चालंल का? काळं असतं."

"चालेल. काही लावा."

"कोंबडीला लावून उपेग नाय. गाडीला लावावं लागंल. चकाकी मेली की भांडण मरतं."

अध्यक्षांनी गाडीकडे पाहिलं. त्याच वेळी खांडीने दाराला एक सणसणीत टोच मारली.

"लावा हो! लावा एकदाचं!"

"सगळ्यांसमोर सांगताय ना? परत पत्रक निघायचं."

"लावा म्हणतो ना!"

मावशींनी मान वर केली. "पत्रकवाले, तवा आण. खालच्या सगळ्यांचे तवे आण."

मी दहा घरांचे तवे गोळा केले. मावशींनी पितळेच्या वाटीत काजळी खरवडली, खोबरेल ओतलं, सावकाश कालवलं. मग गुडघ्यावर बसून त्या दाराच्या खालच्या कडेपासून लावायला लागल्या. बोटांनी नाही, आख्ख्या तळव्याने. जसा तुरा लावायच्या तशीच काळजी, एकही ठिपका उघडा राहू नये अशी. एक दार झालं. दुसरं. मी वाटी धरून मागे मागे. कोणी हसत नव्हतं. एवढी शांतता आमच्या एकाही मोर्चात मी ऐकलेली नाही. वरच्या गॅलरीतून फक्त आक्कांचा आवाज आला, "आरशाखाली राहिलं गं, तिथं लाव."

चारही दारं झाली, पुढचं झालं, मागचं झालं. खांडी आली, मान वाकडी करून पाहिलं. समोर कोणी नव्हतं. ती निघून गेली.

"झालं साहेब," मावशी उठल्या.

"हे धुतलं तर निघेल ना?"

"निघंल की. पण धुतलं की परत चकाकंल."

दुसऱ्या दिवशी ती गाडी पुढच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गेली आणि परत मागे आली नाही. ठराव कोणी रद्द केला नाही, कोणी त्याचा विषयही काढला नाही. महिन्याभरात खुराडं पुन्हा उभं राहिलं. खांडीसुद्धा अंडं आक्कांकडे घालायची आणि झोपायला मावशींकडे यायची.

मला वाटलं, संपलं. मी मूर्ख. त्या दिवसानंतर दर रविवारी मावशी प्रत्येक घरात एक अंडं द्यायच्या. आक्कांना त्यांच्या हातात. अध्यक्ष कुठे भेटले, की थांबून रिकामा तळवा, आणि ते मोबाइलमध्ये मान घालून पुढे.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते याच हिवाळ्यात, त्या जायच्या आदल्या रविवारी. छाती कफाने भरली होती, चालवत नव्हतं. क्रेटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. अंडी मीच वाटून आले होते. टोपली रिकामी. तेवढ्यात अध्यक्ष पेपर हातात घेऊन मागच्या बाजूने निघाले. मावशींनी माझा खांदा धरला आणि उठल्या. दम लागला, तरी उठल्या. उजवा हात शालीबाहेर काढला, काळी बोटं एकेक करून उलगडली आणि रिकामा तळवा त्यांच्यासमोर धरला.

"साहेब," त्या म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता. "तुमचं राहिलं."

अध्यक्षांना ते ऐकू गेलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद देतेय. ते थांबले, पेपर काखेत धरला आणि त्या रिकाम्या हाताला त्यांनी वाकून नमस्कार केला.